फुग्याचं शेपूट

गल्लीतली पोरं त्यांना फुगेवाले म्हणायची आणि नवीन राहायला आलेली माणसं हमखास फसायची. एकदा एक बाई पोराच्या वाढदिवसासाठी लाल फुगे मागायला थेट दारात येऊन उभी राहिली. फुगेवाल्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "बाई, माझ्या फुग्यांत हवा नसते, शब्द असतात." ती बिचारी काय समजायचं ते समजली आणि आल्या पावली परत गेली. आतून बायको ओरडली, "अहो, नाहीत म्हणून सरळ सांगा की! कशाला लोकांना घाबरवता?"

तर भानगड अशी, की फुगेवाल्यांनी उभा जन्म एका छापखान्यात चित्रकथांचे फुगे लिहिण्यात घालवला होता. चित्रातल्या माणसाच्या डोक्याशी पांढरा गोल असतो, त्यात त्याचं बोलणं लिहिलेलं असतं, आणि त्या गोलाला एक टोकदार शेपूट असतं. शेपूट ज्याच्या तोंडाकडे, बोलणं त्याचं. यात काय एवढं मोठं, असं कुणालाही वाटेल. पण शेपूट चुकलं की चोर पोलिसासारखा बोलायला लागतो आणि पोलीस चोरासारखा. फुगेवाल्यांचं शेपूट कधी चुकलं नाही. फक्त एकदा त्यांनी ते जाणूनबुजून वळवलं, आणि त्यापायी सख्खा भाऊ गमावला.

हा भाऊ म्हणजे धाकटा. चित्रं तो काढायचा, गोष्टही त्याचीच. छापखान्याची सगळ्यात खपाची मालिका होती 'वाळूचा कायदा'. वाळवंटाच्या कडेला एक गाव, एकच धुळीचा रस्ता, लाकडी तुरुंग आणि कमरेला पिस्तूल लावलेला शेरीफ. तिथे चौकशी नाही, वकील नाही. शेरीफने बोट दाखवलं की माणूस गावाबाहेर, नाहीतर सरळ फासावर. दोघा भावांपैकी कुणीही वाळवंट पाहिलेलं नव्हतं. निवडुंग काढला तो मालकांच्या खिडकीतल्या कुंडीवरून, आणि घोडा काढला दूधवाल्याच्या गाडीचा. दूधवाल्याचा घोडा पोटाने चांगलाच सुटलेला होता, त्यामुळे पहिल्या काही अंकांत दरोडेखोरांचे घोडेसुद्धा दिवस गेल्यासारखे दिसायचे.

शेरीफचं नाक मात्र धाकट्याने घरातलंच घेतलं. लांब, टोकाला जरासं वाकलेलं. पहिलं पान दाखवताना म्हणाला होता, "दादा, बघ, हिरो तुझ्यासारखा काढलाय." दादांनी, म्हणजे फुगेवाल्यांनी, तोंडाने "काहीतरीच!" म्हटलं, पण त्या दिवशी घरी जाऊन आरशात दोनतीनदा डोकावून आले.

कामाची पद्धत ठरलेली होती. धाकटा चित्र पूर्ण करायचा आणि जो बोलणार त्याच्या ओठांपाशी निळ्या पेन्सिलीने एक बारीक खूण करायचा. निळी पेन्सिल छपाईच्या कॅमेऱ्याला दिसत नाही, म्हणून ती पुसायचीही गरज नसे. मग पान दादाकडे. दादा शब्द लिहिणार, फुगा काढणार आणि शेपूट त्या निळ्या खुणेपर्यंत नेऊन टेकवणार. दोघांची टेबलं पाठीला पाठ लावून होती. खोलीत दिवसभर दोनच आवाज असायचे, निबची करकर आणि दादाचं एक ठरावीक वाक्य.

"मावत नाही."

कारण धाकटा लिहायचा भरभरून. त्याचा दरोडेखोर मरतानासुद्धा आईची आठवण काढून, नदीचं वर्णन करून मग मरायचा. दादा पेन्सिल घेऊन निम्मी नदी कापायचे. "एवढुसा फुगा आणि हे रामायण कुठे कोंबू? मावत नाही!" धाकटा हात जोडायचा, भांडायचा, शेवटी हसायचा. पुढे पुढे मात्र त्याला हसू येईनासं झालं.

वार्षिक अंकाचं काम चालू होतं तेव्हाची गोष्ट. दादांनी एका घोडेवाल्याच्या तोंडचं सगळं भाषण काढून टाकलं आणि त्याच्या जागी एकच शब्द लिहिला, "बरं." धाकटा उसळलाच. "दादा, तू माणसांची तोंडं शिवतोस! त्याला त्याची बाजू तरी मांडू दे की!"

"मावत नाही म्हटलं ना."

"मावत नाही, मावत नाही! उद्या बघ, तुझे सगळे फुगेच काळे करून ठेवतो!"

हे सगळ्या छापखान्याने ऐकलं. दादाही तणतणत उठले, होतं तसं सगळं टेबलावर टाकून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघतात तर वार्षिक अंकाच्या पानांवर शाईच शाई. शेरीफ काळा, तुरुंग काळा, फुगे तर ठार काळे. मालक डोकं धरून बसले. सगळ्यांची नजर धाकट्याकडे गेली, आणि धाकटा नुसता पानांकडे बघत उभा. त्याची स्वतःची चित्रं होती ना ती! पण एवढं कुणाच्या डोक्यात आलं नाही. दादाच्याही नाही, आणि याचंच नंतर त्यांना सगळ्यात जास्त वाईट वाटायचं.

मालक म्हणाले, "हा तुमचा भाऊ. तुम्ही सांगाल तसं करतो."

आता बघा, अशा वेळी मोठ्या भावाने काय करावं? बाजूला घ्यावं, विचारावं, हवं तर एक कानाखाली वाजवावी. पण दादांच्या अंगात त्या दिवशी शेरीफ शिरला होता. सगळा छापखाना गोळा झालाय, सगळे आपल्याकडे बघताहेत, आणि आपण न्याय करणार! त्यांनी बोट दाखवलं. म्हणाले, "सख्खा भाऊ असला म्हणून काय झालं? काढून टाका."

धाकट्याने ब्रश पुसून खिशात घातले. दारापाशी थांबून एवढंच म्हणाला, "दादा, एकदा विचारलं तरी असतंस."

तो गेल्यावर लोकांनी दादांची पाठ थोपटली. काय न्यायी माणूस, रक्ताच्या नात्यालाही पाठीशी घातलं नाही, वगैरे वगैरे. आणि खरं सांगायचं तर दादांना ते गोड लागलं. चांगले काही दिवस ते नाक वर करून फिरत होते.

मग भिंतीला रंग द्यायचा निघाला आणि त्यांच्या टेबलामागचं कपाट हलवलं. कपाटामागे, भिंतीच्या कडेने, खिडकीपर्यंत पावलं उमटलेली. छोटी, गोल, वाळलेल्या शाईची. छापखान्यात उंदरांसाठी एक मांजर पाळलेली होती. प्रूफं वाळत घातली की नेमकी त्यांवर जाऊन बसायची, म्हणून सगळे तिला प्रूफरीडर म्हणायचे. पुस्तकं बांधणारा बाइंडर वाकून बघत म्हणाला, "अरेच्चा! ही तर आपल्या प्रूफरीडरबाईंची सही!" सगळे खो खो हसले.

दादा हसले नाहीत. त्यांना दुसरंच काहीतरी दिसत होतं. मांजरीने बाटली पाडली हे खरं, पण बुचाची बाटली मांजरीला उघडता येत नाही. फुग्यांची ती दाट शाई छापखान्यात एकटे दादाच वापरायचे. भांडणाच्या रागात ते उठले तेव्हा बूच टेबलावरच राहिलं होतं.

मालक म्हणाले, "झालं ते झालं. तुम्ही मोठे, तुम्हीच त्याला परत बोलवा."

"बोलवतो," दादा म्हणाले. आणि बोलावलं नाही. आज जाऊ, उद्या जाऊ. जायचं म्हणजे जाऊन म्हणायचं काय? दोन शब्द होते, पण ते घशातून वर येईनात. धाकट्याचं घर तेव्हा चालत जाण्याइतकं जवळ होतं.

अशातच टपालाने एक जाड पाकीट आलं. मालिका अर्धवट राहिली तर वाचकांचा काय गुन्हा, म्हणून धाकट्याने घरी बसून शेवटची गोष्ट काढून पाठवली होती. त्यात शेरीफ त्या घोडेवाल्यावर घोडा चोरल्याचा आळ घेतो आणि त्याला गावाबाहेर हाकलतो. पुढे कळतं, की घोडा दोर तोडून आपला आपणच गेला होता. मग शेरीफ एकटाच वाळवंटात निघतो, दिवसचे दिवस चालतो, आणि शेवटच्या चित्रात दोघं समोरासमोर उभे राहतात. शेरीफची टोपी हातात आहे. दोनच फुगे. पहिल्यात, "माझं चुकलं." दुसऱ्यात, "चल, घोडा तहानलाय." पहिल्या फुग्याची निळी खूण शेरीफच्या ओठांपाशी, त्या लांब, वाकड्या नाकाखाली. दुसऱ्याची घोडेवाल्याच्या ओठांपाशी.

धाकट्याला मांजरीचं काहीच माहीत नव्हतं. आपण ते केलं नाही एवढंच त्याला माहीत होतं. भावाने एकदा म्हणावं म्हणून त्याने वाट काढून दिली होती. तोंडाने नको तर निबने म्हण. तेही स्वतःच्या नावाने नको, शेरीफच्या तोंडून म्हण. याहून सोपं कुणी कुणाला काय करून देईल?

आणि दादांनी काय केलं? त्यांना आधी दिसलं ते नाक. सगळा छापखाना ओळखेल, सगळे हसतील. शेरीफने मान खाली घालायची म्हणजे आपणच घालायची! त्यांनी सुंदर अक्षरात "माझं चुकलं" लिहिलं, आणि शेपूट निळी खूण सोडून दुसऱ्या बाजूला वळवलं. घोडेवाल्याकडे. दुसऱ्या फुग्याचं शेपूट शेरीफकडे. अंक छापला गेला. ज्याच्यावर खोटा आळ आला, तोच बिचारा माफी मागतोय, आणि शेरीफ मोठ्या मनाने म्हणतोय, "चल, घोडा तहानलाय." वाचकांनी काही तक्रार केली नाही. पळून गेला म्हणून माफी मागत असेल, असं ते धरून चालले.

धाकटा त्यानंतर गाव सोडून गेला. दुसऱ्या शहरात दुकानांच्या पाट्या रंगवायला लागला. आई गेली तेव्हा दोघं भाऊ एका खोलीत होते, पण दोघांच्या मधे सगळे नातेवाईक बसलेले. निघताना धाकटा शेजारून जाता जाता म्हणाला, "शेवटचं पान बघितलं. अक्षर छान आलंय." दादांना ते चाबकासारखं लागलं. त्यांनी मान हलवली आणि चपला शोधायला लागले.

अशी वर्षं गेली. छापखाना बंद पडला. शेवटचं पान दादांनी घरी आणून कपाटात शर्टांच्या खाली ठेवलं होतं. ते कधी बाहेर काढत नव्हते, पण शर्ट काढताना हात त्याला लागायचाच. बायकोला सगळं माहीत होतं. ती अधूनमधून म्हणायची, "अहो, भावाला फोन करायला तोंड आहे की नाही तुम्हाला? का तिथेही फुगा काढून देऊ?" ते पेपर तोंडासमोर धरायचे.

मग एक दिवस दारात एक तरुण बाई आली. जुन्या चित्रकथांची जाडजूड पुस्तकं काढायचा तिचा धंदा होता, आणि तिला 'वाळूचा कायदा' पुन्हा छापायचं होतं. म्हणाली, "तुमच्या भावांशी फोनवर बोलले मी. बाकीची पानं मिळाली. शेवटचं दादाकडेच असणार म्हणाले. आणि एक निरोप आहे. छापायच्या आधी ते पान एकदा माझ्याकडे आणून दे, असं सांगितलंय."

"मी आणून द्यायचं?"

"हो. दादानेच, म्हणाले."

ती गेल्यावर फुगेवाले उठले, शर्ट बाजूला केले, पान काढलं आणि खिडकीशी टेबलावर पसरलं. कागद पिवळा पडला होता, पण धाकट्याची निळी खूण शेरीफच्या ओठांपाशी जशीच्या तशी होती. एवढी वर्षं ती तिथे वाट बघत बसली होती, आणि फुगेवाले नुसते शर्ट बदलत होते! त्यांना रडू आलं. बायकोने ते पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच काही न बोलता चहा ठेवून गेली.

त्यांनी ब्लेड घेतलं. जुनी शेपटं अलगद खरवडून काढली. डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. मग निब शाईत बुडवली, बाटलीला लगेच बूच लावलं, ते घट्ट बसलंय ना म्हणून पुन्हा बघितलं, आणि दोन्ही शेपटं आपापल्या निळ्या खुणेपर्यंत नेऊन टेकवली. झालं. शेरीफ म्हणाला एकदाचा! फुगेवाल्यांना हायसं वाटलं. आता पान नेऊन द्यायचं, तो बघेल, त्याला कळेल, आपल्याला तोंड उघडायला नको. बसमध्ये सगळा रस्ता ते हेच मनाशी घोळवत होते.

धाकट्याच्या बायकोने दार उघडलं. "भावजी? या, या," म्हणाली आणि पुढे काय बोलावं ते न सुचून पाणी आणायला गेली. धाकटा खिडकीपाशी खुर्चीत बसला होता. केस पार पांढरे झालेले. त्याने मान वळवली आणि विचारलं, "कोण आलंय?"

फुगेवाल्यांना वाटलं, मुद्दाम करतोय. ओळख दाखवायची नाही त्याला. ते घसा खाकरून उभे राहिले.

धाकट्याच्या चेहऱ्यावर हसू उमटलं. "दादा! तुझी खाकर अजून तशीच आहे रे. बस. पायापाशी स्टूल असेल, बघ. मला दिसत नाही आता. काचबिंदू. उजेड तेवढा कळतो."

फुगेवाले मटकन स्टुलावर बसले. हातात पान, आणि ते बघणारे डोळेच नाहीत.

"आणलंस?" धाकट्याने हात पुढे केला. पान मांडीवर घेतलं आणि बोटं फिरवायला लागला. कोपरा, कड, मग मधोमध. बोट थांबलं. ब्लेडने खरवडलेला कागद हाताला केसाळ लागतो, आणि हा तर त्याचा धंदाच होता. "इथे खरवडलंयस."

"हो."

"वाच."

फुगेवाले वाचायला लागले. वाळवंट, तापलेलं ऊन, चालून चालून फाटलेले शेरीफचे बूट. धाकटा मान हलवत ऐकत होता, मधेच म्हणाला, "ते बूट तुझेच होते, माहितीये ना?" शेवटचं चित्र आलं. फुगेवाल्यांचा आवाज खाली गेला.

"माझं चुकलं."

"कोण म्हणतं?" धाकट्याने विचारलं.

खरंच की. नुसतं वाचलं तर शब्दाला शेपूट कुठे असतं?

"शेरीफ," फुगेवाले म्हणाले.

"शेरीफ कागदावरचा आहे, दादा. तो काय, तू म्हणवशील ते म्हणेल." धाकटा त्यांच्याकडे तोंड करून वाट बघत बसला. "कोण म्हणतं?"

फुगेवाल्यांनी पान त्याच्या मांडीवरून उचललं आणि बाजूला ठेवलं.

"मी," ते म्हणाले. "मी म्हणतोय. माझं चुकलं." आणि मग धरण फुटल्यासारखं सगळं बाहेर आलं. बाटलीचं बूच मीच उघडं टाकलं होतं. मांजरीने शाई सांडली. कपाटामागे तिची पावलं निघाली. मालकांनी तुला बोलवायला सांगितलं होतं, मीच आलो नाही.

मांजरीचं नाव निघालं तेव्हा धाकटा फसकन हसला. "प्रूफरीडर? अरे देवा, आणि मी इतकी वर्षं बाइंडरवर संशय घेत होतो!" हसता हसता तो थांबला. "हे तुला कधी कळलं?"

फुगेवाल्यांना खोटं बोलता आलं असतं. समोरच्याला चेहरा दिसत नव्हता.

"तुझं पान यायच्या आधी," ते म्हणाले.

"म्हणजे शेपूट वळवलंस, तेव्हा तुला माहीत होतं?"

"होतं."

आत धाकट्याच्या बायकोने कपबश्या मांडल्याचा आवाज आला. फुगेवाले भावाच्या तोंडाकडे बघत होते. पुढचा फुगा त्याचा होता. घोडा तहानलाय, असं काहीतरी तो म्हणेल, म्हणावं, म्हणून त्यांचा जीव नुसता टांगणीला लागला होता. धाकट्याने चाचपडत त्यांचा उजवा हात शोधला, निबचा घट्टा पडलेलं मधलं बोट शोधलं आणि ते धरून ठेवलं.

"दोनच शब्द होते, दादा," तो म्हणाला. "मावले असते."